आदर्श पत्नीचा रक्तदाब

उंबरदऱ्यात कानिफनाथ मुकादमाला बघायला येणारा प्रत्येक माणूस बाहेर पडताना एकच वाक्य म्हणायचा, "काही म्हणा, मुकादम तब्येतीनं लई झकास हायेत!"

आणि ते खोटं नव्हतं. डोक्यातून सगळं निसटायला लागल्यापासून मुकादमानं बाळसं धरलं होतं. तंबाखू सोडवता सोडवता डॉक्टर, बायको आणि मढीचा देव असे तिघंही थकले होते. ती त्यानं सोडली नाहीच, आपण तंबाखू खातो हेच तो विसरला. बांधावरून सख्ख्या भावाशी असलेलं वैर विसरला. कोण कामगार उचल घेऊन पळाला, हे आठवून पहाटे दात खायचा, तेही विसरला. काळजी करायला जे काही लागतं ते सगळं गेलं, आणि गाल वर आले. महिन्यातून एकदा त्याला पाथर्डीला नेलं की डॉक्टर म्हणायचे, "वा! बीपी तरण्या पोरासारखं!"

मुकादमाच्या अंगावर जे चढत होतं ते मनकर्णाच्या अंगावरून उतरत होतं. पण ती शेजारीच औषधांची पिशवी धरून उभी असायची, आणि पिशवी धरणाऱ्या माणसाकडं कोण बघतो?

उंबरदरा म्हणजे पाथर्डीहून डोंगराच्या अंगाला जाणारी जीप जिथं शेवटची थांबते ते गाव. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कानिफनाथनं उभा जन्म इथून टोळ्या नेल्या. धिप्पाड गडी, आवाज असा की फडाच्या या टोकाला ओरडला की त्या टोकाचा माणूस कोयता उचलायचा. मनकर्णाही त्याच टोळीत होती. मुकादमाची बायको म्हणून तिला सवलत एवढीच, की मोळी डोक्यावर घेताना शिव्या तिला सगळ्यांच्या आधी बसायच्या.

पासष्टीच्या आसपास तो आधी रस्ते विसरला, मग नावं, मग विधी कुठं करायचा ते. गावानं निदान केलं म्हातारचळ. नगरच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडात धरून सांगितलं की हा स्मृतिभ्रंश आहे, बरा होणार नाही, आता फक्त सांभाळायचं. कुणी सांभाळायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. तशी गरजच पडली नाही. खोलीतल्या सगळ्यांनी मनकर्णाकडं बघितलं.

त्या 'फक्त सांभाळायचं'मध्ये काय काय आलं ते असं. मुकादम दिवसाला कितीदा तरी उठून, "चला रे, गाड्या लागल्या!" म्हणत शिवाराच्या वाटेला लागायचा. मनकर्णा अनवाणी मागं धावायची. तो नव्वद किलोचा, ती त्याच्या निम्मीही नाही. न्हाणीत एकदा तो घसरून बसला, तिनं बगलेत हात घालून त्याला उचलला, आणि तिच्या उजव्या खांद्यात काहीतरी ओलं कापड फाटल्यासारखं फाटलं. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर जाईना. मग शेजारची झुंबरबाई येऊन तिची वेणी घालून द्यायला लागली. बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ आली, ती ती पदर खोचून दाबून ठेवायची. जेवण म्हणजे त्याच्या ताटात उरलेलं, तेही उभ्यानं, एक डोळा दारावर ठेवून. सकाळी मान धरायची, दुपारी डोळ्यांपुढं काजवे यायचे. ती कपाळाला पट्टी बांधायची आणि कामाला लागायची.

झोपेचं तर विचारूच नका. रात्री तो उठून गेला तर कळावं म्हणून ती आपल्या लुगड्याचा पदर त्याच्या धोतराला गाठ मारून झोपायची. झोपायची म्हणजे आडवी व्हायची. झुंबरबाईनं ही गोष्ट कुणाला तरी सांगितली आणि गावाला गहिवर आला. "बघा, सप्तपदीची गाठ अजून सुटली न्हाई!" असं लोक म्हणायला लागले. गाठ हिसकली की म्हातारी दचकून उठते, तिची छाती तासभर धडधडते आणि मग कोंबडा आरवतो, हे त्या गहिवरात कुठं बसेना.

सल्ले मात्र भरपूर. धाकटा दीर आप्पासाहेब आता भांडण विसरलं गेल्यामुळं रोज यायला लागला होता. तो बाजेवर बसून सांगायचा, "वहिनी, बदाम भिजवून सोलून देत जा. दर गुरुवारी मढीला घिऊन जा. आन् संध्याकाळी तळपायाला काशाची वाटी घासा, डोकं थंड ऱ्हातं." सल्ला देणारा बसलेला, पाळणारी उभी. मुलगा कल्याण सुप्याला कंपनीत होता. तो रविवारी व्हिडिओ कॉल करायचा.

"आई, दादांवर चिडत जाऊ नको. ह्या आजारात माणसाला प्रेमानं घ्यावं लागतं. मी समदं बघितलंय मोबाईलवर."

"व्हय बाबा," मनकर्णा म्हणायची. "मोबाईलवर न्हाऊ बी घालत्यात का?"

"आन् सोताची तब्येत जप," असं म्हणून कल्याण फोन ठेवायचा. ते वाक्य तो 'रामराम'सारखं वापरायचा.

ती चिडायची हे खरं होतं. एकदा धुतलेलं धोतर त्यानं तिसऱ्यांदा खराब केलं तेव्हा तिनं त्याच्या थोबाडीत मारली. ज्या माणसाच्या आवाजानं फड हलायचा तो माणूस ओठ काढून लहान पोरासारखा रडायला लागला. मनकर्णानं त्याचं तोंड पुसलं, आणि मग न्हाणीच्या दगडावर बसून स्वतःच्या तोंडावर पाणी मारत राहिली, म्हणजे कुणी आलंच तर तोंड कशानं ओलं ते कळू नये. 'हा सुटला तर बरं,' असं त्या दिवशी तिच्या मनात आलं. 'न्हाईतर मी तरी सुटावं.' दुसरा विचार जास्त सोपा वाटला, म्हणून ती घाबरली.

तर असं चाललेलं असताना आठ मार्च आला.

उंबरदऱ्याच्या सरपंच सुकन्याबाई, आणि सरपंचकी करणारे त्यांचे यजमान हनुमंतराव. महिला दिनाला काहीतरी झालं पाहिजे असं वरून आलं होतं. हनुमंतरावांनी एका मांडवात दोन कार्यक्रम बसवले, आरोग्य शिबिर आणि सत्कार. सत्कार कुणाचा? तर 'आदर्श पत्नी' म्हणून मनकर्णाबाईंचा. ती नको म्हणाली. मुकादमाला एवढ्या लोकांत कसं आवरू, म्हणाली. हनुमंतराव म्हणाले, "त्यांनाबी आना की! त्यांच्याबिगर फोटोला मजा न्हाई."

मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला. एका टेबलावर उपकेंद्राच्या सविता सिस्टर रक्तदाबाचं मशीन घेऊन बसल्या होत्या, दुसऱ्यावर हार, शाल, नारळ आणि एक सोनेरी रंगाची ढाल. हनुमंतरावांनी माईक घेतला. सावित्री झाली, सीता झाली, धोतर-पदराची गाठही झाली. बाया डोळे पुसायला लागल्या. मनकर्णा खुर्चीवर बसून मुकादमाचं मनगट घट्ट धरून होती, कारण त्याला मांडव बघून कारखान्याचा वजनकाटा आठवला होता आणि गाड्या मोजायला जायचं होतं. भाषण तिच्या कानात येत होतं, पण लांबून, विहिरीत बोलल्यासारखं. डोकं सकाळपासून ठणकत होतं.

मग हनुमंतरावांना कल्पना सुचली. "मुकादमांचं बीपी तपासताना एक फोटो घेऊ! माघं आदर्श पत्नी, पुढं पेशंट!"

सविता सिस्टरांनी पट्टा पुढं केला. मुकादमानं हात पाठीमागं लपवला. त्याला तो पट्टा काय वाटला देव जाणे, पण तो बिथरला.

"मला न्हाई. आदी हिला बांधा," तो मनकर्णाकडं बोट दाखवत ओरडला, त्याच जुन्या आवाजात. "हिला बांधल्याबिगर मी बांधून घ्यायचा न्हाई!"

लोक हसले. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, नुसता दाखवायला बांधते. म्हंजी त्ये बसतील."

तर असा, नवऱ्याला फसवण्यासाठी, त्या आजारपणाच्या तीन वर्षांत पहिल्यांदा मनकर्णाच्या दंडाला पट्टा लागला.

सिस्टरांनी हवा भरली. आकडा बघितला. कपाळाला आठी घातली, पुन्हा भरली. "मशीन बिघडलं वाटतं," म्हणाल्या. स्वतःच्या हाताला लावून बघितलं, बरोबर आलं. जवळ उभ्या हनुमंतरावांना लावलं, तेही बरोबर. परत मनकर्णाला लावलं, तर तेच. वरचं दोनशेवीस.

"मावशी, डोकं दुखतंय का?"

"डोकं काय, दुखतंच."

"कवापासनं?"

मनकर्णाला प्रश्न कळेना. कधीपासून ऊन पडतंय असं विचारल्यासारखं झालं.

सिस्टर उठल्या. "हनुमंतराव, जीप बोलवा. आत्ता न्यावं लागंल."

"सिस्टर, शाल तरी घालू द्या! आनंदानं वाढलं आसंल. एवढा सत्कार म्हंजी..."

"आनंदानं एवढं वाढत न्हाई. ह्यानं माणूस जातं."

जातं म्हटल्यावर हनुमंतरावांनी घाई केली, म्हणजे शाल घाईनं घातली. फोटोग्राफर ओरडला, "मावशी, ढाल वर धरा! वर!" हात वर जाईना. तिनं डावा पुढं केला, तर मागून कुणीतरी म्हणालं, "डाव्या हातानं न्हाई घ्यायचं, वंगाळ दिसतं." शेवटी सुकन्याबाईंनीच तिचा उजवा हात कोपराला धरून वर उचलला. मनकर्णाच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिच्यावर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, भरून आलं.

गळ्यात हार घातलेलीच ती जीपमध्ये बसली. मुकादम मांडवात मजेत पेढा खात होता.

नगरच्या दवाखान्यात दोन दिवस नुसत्या तपासण्या झाल्या. ती त्या काळात झोपून होती. एवढी झोपली की नर्सबाई घाबरून दोनदा डॉक्टरांना बोलावून आली. वॉर्डातल्या बाकीच्या बाया आवाजाची तक्रार करत होत्या. रात्रभर ट्रॉल्या फिरतात, पोरं रडतात, दिवे चालू असतात. मनकर्णा कुशीवर वळून म्हणाली, "इथं लई शांत हाय गं."

डॉक्टर तरुण होता, रिपोर्टचा गठ्ठा हातात. हृदयावर ताण येऊन ते सुजलंय, म्हणाला. मूत्रपिंडाला मार बसलाय, तो भरून येणार नाही. अंगात रक्त निम्मं आहे. खांद्याची शीर फाटून जुनी झालीय. बेंबीची गाठ म्हणजे हर्निया, जड उचलल्यानं. मग त्यानं चष्मा काढला आणि थोडं रागानं विचारलं, "आजी, स्वतःकडे इतकं दुर्लक्ष का केलंत?"

"दुर्लक्ष कुठलं, डॉक्टर," मनकर्णा म्हणाली. "लक्ष एकच हुतं. त्ये तिकडं लागलं."

इकडं उंबरदऱ्यात कल्याण आणि त्याची बायको स्नेहल सुप्याहून आले होते. कल्याण पहिल्या दिवशी उत्साहात होता. आईची पद्धतच चुकीची होती, असं त्यानं आप्पासाहेबाला समजावून सांगितलं. वेळापत्रक पाहिजे, प्रेम पाहिजे, जुनी गाणी लावली पाहिजेत. त्यानं गाणी लावली. मुकादमाला वाटलं, कारखान्याचा मोळीपूजनाचा कार्यक्रम आहे, आणि टोळी गोळा करायला तो निघाला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीत त्याला उचलताना कल्याणच्या कमरेत उसण भरली. तिसऱ्या दिवशी आप्पासाहेबाची पाळी होती. मुकादम त्याला चकवून घाटाच्या रस्त्याला लागला आणि सगळ्या शिवारभर आप्पासाहेब मागं, "दादा, थांबा! दादा!" करत, धोतर सावरत. संध्याकाळी आप्पासाहेबाचे दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे सुजले. त्या गुडघ्यांना काशाची वाटी घासायचं कुणाच्या मनात आलं नाही, सरळ गोळी आणली. स्नेहल स्वयंपाक, धुणं आणि सासऱ्याच्या शिव्या यांतून एकदाच बोलली, "आई हे एकट्या करत होत्या?"

मुकादम मात्र दिवसभर घरात हिंडायचा आणि विचारायचा, "माझा अर्धा कोयता कुठं गेला?" ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अर्धा गेला की दुसऱ्या अर्ध्याला काम नसतं. बायकोचं नाव तो कधीच विसरला होता.

चौथ्या दिवशी सविता सिस्टरांनी कल्याणचं बीपी बघितलं, तर थोडं वाढलेलं. मग काय सांगावं! अख्खं गाव लोटलं. "पोराची काय दशा झाली बघा!" "चार दिवसांत डोळे खोल गेले!" कुणी शहाळं आणलं, कुणी केळी. हनुमंतराव स्वतः आले आणि म्हणाले, "कल्याणराव, सोताची काळजी घ्या, एकट्यानं एवढं ओढू नका." झुंबरबाई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "आरं, मग ती काय बैल हुती का?" पण केळी वाटण्याच्या गडबडीत ते कुणी ऐकलं नाही.

पाचव्या दिवशी कल्याण आणि आप्पासाहेब दवाखान्यात हजर. एकाच्या कमरेला पट्टा, दुसऱ्याच्या हातात काठी. दोघं दारातून आत येताना शेजारच्या पेशंटनं त्यांना सरकून जागा दिली.

"आई, डॉक्टर सोडत्यात म्हणं," कल्याण म्हणाला. "घरी चल. दादा तुझ्याबिगर ऱ्हात न्हाईत."

मनकर्णानं त्याच्या कमरेकडं बघितलं. "ह्ये काय?"

"दादांना उचलताना भरली."

"कितींदा उचललंस?"

कल्याण खाली बघायला लागला. "एकदा."

मनकर्णाला हसू फुटलं. आधी गालात, मग पोट धरून, गाठ दाबून. सलाईनची नळी हलायला लागली, नर्सबाई धावत आली. हसता हसताच डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना, तेव्हा कल्याण घाबरून कॉटवर बसला आणि त्यानं आईचा हात हातात घेतला. बऱ्याच वर्षांनी घेतला असावा. त्याला तो ओळखू आला नाही. नुसती हाडं आणि वर सैल कातडं.

"आये," तो म्हणाला, "तू बोलली का न्हाईस?"

"बोलले की. दर आयतवारी बोलले. तू म्हनायचा, तब्येत जप."

आप्पासाहेब खाकरला. "वहिनी, झालं गेलं सोडा. तुमची सर आमाला येनार हाय का? देवानं बाईला ताकदच येगळी दिलेली आसती."

"भाऊजी, ती देवाची ताकद हितल्या मशीनवर मोजून झाली. सपली." ती उठून बसली. "आता ऐका. मी लगीच येनार न्हाई. स्नेहलसंगं सुप्याला जानार. डॉक्टरांनी खांद्याचा व्यायाम सांगितलाय, त्यो तितं करीन. घरी न्हाऊ घालायला आन् उचलायला गडी ठिवा. वैजनाथ हाय, तुमच्याच भावाच्या टोळीत हुता, औंदा त्यो तोडीला गेला न्हाई. रात्री तुमी आन् तुमची पोरं पाळीपाळीनं झोपा, शनवार-आयतवार कल्याण. हे लागू झालं की मग मी यीन."

"आन् लोक काय म्हनतील?" आप्पासाहेब काठी आपटत म्हणाला. "आजारी नवरा टाकून सुप्याला गेली म्हनतील!"

"लोकांनी ढाल दिलीया मला. आदर्श झाले मी आता. आदर्श भितीवर लावायचा आसतो भाऊजी, त्याला कामाला जुपायचं नसतं."

शेजारच्या कॉटवरची बाई खुदकन हसली. आप्पासाहेबाला गुडघ्याची कळ आली.

सुप्यात मनकर्णा महिनाभर राहिली. पहिले काही दिवस ती दचकून उठायची आणि पदर चाचपायची. कुठंच बांधलेला नाही हे कळल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज वाटायची. स्नेहल तिला समोर बसवून जेवू घालायची. गरम भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते तेव्हा वाफ लागते, हे मनकर्णा विसरून गेली होती. खांदा थोडा सुटला, वेणीपर्यंत नाही, पण कपाळापर्यंत हात जायला लागला. मूत्रपिंडाचं जे गेलं ते गेलंच. बीपीच्या गोळ्या आता जन्मभर.

उंबरदऱ्यात तिच्या मागं जे बोलायचं ते बोलून झालं. सत्कारानं बाई चढली, असं ठरलं. आप्पासाहेबानं चार रात्री काढल्या, मग त्याच्या गुडघ्यांना रात्रीच कळा यायला लागल्या आणि तो मोठ्या पोराला धाडायला लागला. तेही चाललं. वैजनाथ मात्र टिकला. तो मुकादमाला 'चला, गाड्या बघून यू' म्हणून वेशीपर्यंत फिरवून आणायचा आणि दमवून बसवायचा.

पाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी मनकर्णा जीपमधून उतरून घराकडं आली. मुकादम ओसरीवर बसला होता, दाढी केलेली, टोपी घातलेली. ती समोर उभी राहिली. त्यानं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"कोन पाव्हनी?"

उभ्या जन्माचा संसार, आणि महिन्याभरात पाव्हणी. वैजनाथ गडबडून म्हणाला, "मुकादम, आवं ह्या..." तिनं त्याला हातानं थांबवलं.

"पाव्हनीच हाय," ती म्हणाली. "लांबनं आले. च्या मिळंल का?"

मुकादमाचा चेहरा बदलला. दारात पाहुणं आलं की काय करायचं, हे त्याच्या डोक्याच्या कुठल्यातरी शाबूत कोपऱ्यात होतं. त्यानं पाठ ताठ केली आणि आवाज लावला, "वैजा! बाईला च्या टाक! आन् बसाया घोंगडं दे, उभं काय ठिवलंय!"

वैजनाथनं घोंगडं अंथरलं. मनकर्णा बसली, पाय लांब केले. लग्नापासून आजपर्यंत या माणसानं तिला बस म्हटलं नव्हतं. ते म्हणायला त्याला ती विसरावी लागली. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. मुकादम शेजारी बसून तिच्याकडं बघत होता, पाहुण्याकडं बघतात तसा, आदरानं.

"साकर पुरं हाय का?" त्यानं विचारलं.

"पुरं हाय," ती म्हणाली, आणि चहा शेवटपर्यंत प्यायली.